गुरुजींची भूकंपाची गोष्ट : अल्झायमरमध्ये सांगणं कसं उसवत जातं

"आप्पा बोलतात छानच हो, पण आता त्यांच्या बोलण्यात काही सापडत नाही."

पहिल्या भेटीत सूनबाई हे बोलल्या आणि मी ते वाक्य जसंच्या तसं केसपेपरच्या डोक्यावर लिहून घेतलं. वाचा-भाषा उपचाराच्या कामात इतकं नेमकं वर्णन फार थोड्या वेळा ऐकायला मिळतं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, वाक्यं पूर्ण. तरी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पुढच्या अडीच वर्षांत या घरात मी जे पाहिलं ते कुटुंबाच्या संमतीनं इथे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण जिल्हा परिषदेच्या शाळेतून २००२ साली निवृत्त झालेले प्राथमिक शिक्षक. मूळचे पाटण तालुक्यातले, आता साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला मुलाकडे राहतात. जून २०२२ मध्ये माझ्याकडे आले तेव्हा वय ७८. पत्नी २०१६ साली वारल्या. घरात मुलगा, सून, कॉलेजला जाणारी नात आणि शाळकरी नातू. घरचे त्यांना आप्पा म्हणतात. मी गुरुजी म्हणते, आणि ते मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणतात, शाळेतल्या सहकारी शिक्षिकेला म्हणावं तसं.

विसरभोळेपणा दोन वर्षं आधीपासून होता. पाहुणे म्हणायचे, वय झालं, चालायचंच. भारतात साठीपुढच्या दर शंभर माणसांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सगळे मिळून ८८ लाखांच्या घरात. वयानं सगळ्यांचंच असं होत असतं तर हा आकडा शंभरातला सात राहिला नसता. गुरुजींच्या बाबतीत मेंदूविकारतज्ज्ञांनी थायरॉइड, बी-१२, उदासीनता हे सगळं तपासून बाजूला केलं होतं. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला नव्या आठवणी टिपणारा भाग, आक्रसलेला दिसला. डोनेपेझिल हे अल्झायमरवरचं औषध सुरू झालं. मी एकच भर घातली, कानांची तपासणी. डाव्या कानानं बरंच कमी ऐकू येत होतं. यंत्र बसवल्यावर निम्मी भांडणं मिटली, असं मुलगा म्हणाला. हे इथे मुद्दाम नोंदवते, कारण ऐकूच न आलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तरी घरच्यांना ते आजाराचंच लक्षण वाटतं.

गोष्ट

आमच्या क्षेत्रात चित्रवर्णनाची एक जुनी अमेरिकन चाचणी आहे. स्वयंपाकघरात बाई भांडी पुसतेय, मागं मुलगा स्टुलावर चढून बिस्किटं चोरतोय. गुरुजींनी चित्र हातात घेतलं, म्हणाले, "ही उभ्यानं भांडी घासते," आणि तिथेच थांबले. मिनिटभरात जनावरांची नावं सांगा म्हटल्यावर गाय, म्हैस, बैल, शेळी, कुत्रं, आणि पुन्हा गाय. मग पाच बोटांकडे बघत बसले. गुण देता आले, पण माणूस कळला नाही.

माणूस कळला तो नातीच्या मोबाइलमुळे. २०१४ साली ती सातवीत असताना शाळेच्या प्रकल्पासाठी तिनं आजोबांची भूकंपाची गोष्ट चित्रित करून ठेवली होती. अकरा मिनिटांची. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकानं शंभरदा ऐकलेली.

११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप. पहाटेचे चार वाजून गेलेले. कोयनानगर भुईसपाट झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, धरणाला तडे गेले पण धरण उभं राहिलं. हा इतिहास. गुरुजींची गोष्ट हेळवाकच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. तेवीस वर्षांचे मास्तर, पहिलीच नेमणूक, शाळेच्या पडवीत घोंगडं पांघरून निजलेले. वाडीतली कुत्री एकाएकी केकाटायला लागली. मग भरलेला ट्रक घाट उतरावा तशी जमिनीखालून घरघर. कौलं घसरली, मागची भिंत बसली. कंदील सापडेना. चाचपडत आत जाऊन त्यांनी पहिली वस्तू बाहेर काढली ती हजेरीपट. उजाडल्यावर आंब्याखाली पोरं गोळा केली आणि हजेरी घेतली. एकतीस नावं. "हजर ऐकू आल्याशिवाय पुढच्या नावावर गेलो नाही," असं म्हणून ते चित्रफितीत थांबतात, चष्मा काढतात. एकाचं 'हजर' येईना. मग मागून बारीक आवाज आला, पोरगं बापाच्या खांद्यावर होतं, पाय मोडलेला. त्यानंतर पाटलांनी दिलेली भाकरी, एसटी बंद म्हणून दिवसभराची पायपीट, आणि स्वतःच्या गावात दारात उभी असलेली आई.

मी या गोष्टीचे चौदा तुकडे पाडले आणि तीच आमची मोजपट्टी ठरवली. अल्झायमरची सुरुवात बहुतेक वेळा हिप्पोकॅम्पसच्या परिसरात होते. नवं काही टिपून ठेवणारी जागाच अधू होते, त्यामुळे सकाळचा नाश्ता जातो आणि पन्नास वर्षांपूर्वीची पहाट राहते. गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते तीही त्यामुळेच, कारण मघाशी सांगितल्याची नोंदच झालेली नसते. पाच मिनिटांनी गुरुजी "तुला सांगितलं का गं" म्हणत तेव्हा ते खरोखर विचारत असत.

चार ध्वनिमुद्रणं

जून २०२२. चौदांपैकी दहा तुकडे आले, क्रम बरोबर. गेली होती ती नामं. कंदील झाला "तो… उजेडाचा", घोंगडं झालं "ते पांघरायचं", हजेरीपट झाला "तो, नावांचा". लिंग मात्र एकदाही चुकलं नाही. शब्द हरवला होता, पण तो 'तो' आहे की 'ती' की 'ते', हे जाग्यावर होतं. अल्झायमरमध्ये व्याकरणाचा सांगाडा बराच काळ उभा राहतो आणि आतला अर्थाचा माल आधी जातो, हे मी शिकले होते. मराठीत ते असं ऐकू येतं. घरच्यांना मी तेव्हाच सांगितलं की 'ती' म्हणाले तर स्त्रीलिंगी वस्तू शोधा, छत्री, पिशवी, काठी. सूनबाईंनी ही युक्ती वर्षभर वापरली आणि ती बहुतेक वेळा लागू पडली.

जानेवारी २०२३. इथे मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली. गुरुजी सांगत होते, "आला. बघितलं. म्हणाला, मास्तर, खावा. मग म्हणाला, चला. गेलो." घरातले सगळे माना डोलवत होते. मला काहीच कळत नव्हतं. कोण आला, कोण म्हणाला? भाकरी देणारे पाटील आणि जखमी पोराचा बाप, ही दोन माणसं एक होऊन गेली होती. मराठीत कर्ता गाळता येतो. 'आला' म्हटलं की पुल्लिंगी, एकवचनी, आणि बाकीचं ऐकणारा भरून घेतो. ज्यानं गोष्ट शंभरदा ऐकली आहे तो इतक्या सहज भरतो की काही गळलंय हे त्याच्या लक्षातही येत नाही. त्या खोलीत चार माणसांनी पूर्ण गोष्ट ऐकली आणि मी एकटीनं तिची भोकं ऐकली.

नावांचंही तेच. गुरुजी सगळ्यांना 'बाळा' म्हणत, आयुष्यभर म्हणत आले होते. मुलाला बाळा, नातीला बाळा, रिक्षावाल्याला बाळा. नावं केव्हा गेली हे म्हणूनच कुणाला सांगता येईना. आपल्याकडचा शिष्टाचार तर आजार झाकायला फारच मदत करतो. "या, बसा, चहा घेणार ना, घरी सगळे बरे?" एवढ्यावर अर्धा तास निघतो. पाहुणा उठताना म्हणतो, आप्पा ठणठणीत आहेत की! आणि दिवसभर त्यांच्यामागं असणारी सून खोटी पडते. म्हणून निदानाच्या वेळी अनोळखी माणसानं, ठाऊक नसलेली गोष्ट, पहिल्यापासून ऐकावी, असं मी आता आग्रहानं सांगते.

ऑक्टोबर २०२३. पाच तुकडे. यावेळी सांधे गेले होते. 'म्हणून', 'कारण', 'तोवर' हे शब्द नाहीसे, फक्त 'आणि' आणि 'मग'. प्रत्येक वाक्याचं शेजारच्या वाक्याशी नातं होतं, गोष्टीशी नव्हतं. भिंत पडली, मग शाळा, मग दुसरी शाळा, मग निरोपसमारंभ, शाल, नारळ, नारळाची वडी. घसरताना ते कुठेही अडखळले नाहीत. भाषाही बदलली. आयुष्यभर प्रमाण मराठी बोलणाऱ्या गुरुजींच्या तोंडी 'व्हतं', 'न्हाई' आलं आणि भूकंपाच्या जागी "धरनी हालली" आलं. म्हणी सुरू करून दिल्या तर पुऱ्या करत, 'नाचता येईना' म्हटलं की 'अंगण वाकडं' तयार. अर्थ विचारला की "अंगण वाकडं असतंय" एवढंच.

आणि गोष्टीत पत्नी आल्या. आंब्याखाली हजेरीच्या वेळी त्या शेजारी उभ्या होत्या म्हणे. लग्न १९७० सालचं. मुलगा न राहवून म्हणाला, "आप्पा, आई तेव्हा कुठं होती?" गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. त्या दिवशी पुढं काही बोलले नाहीत.

ऑगस्ट २०२४. आपणहून दोन तुकडे, कुत्री आणि हजेरी. चौथ्या वेळी मी मुद्रण तिथे थांबवलं नाही, त्याबद्दल पुढं सांगते.

कुठं चुकलं

जानेवारी आणि ऑक्टोबरच्या मध्ये गुरुजी जवळजवळ गप्प झाले होते. घरच्यांना वाटलं, आजार पुढं सरकला. मलाही तसंच वाटलं. मग सूनबाईंना मी आठवडाभर फक्त टिपायला सांगितलं की त्यांच्याशी कोण काय बोलतं. वही पाहून मी सुन्न झाले. सात दिवसांत "मी कोण, सांगा बघू" बावीस वेळा. "आज वार कोणता" अकरा वेळा. "मघाशीच सांगितलंत की" मोजायचं त्यांनी सोडून दिलं होतं. आणि मुलाची प्रेमानं केलेली दुरुस्ती. "पासष्ट नव्हे आप्पा, सदुसष्ट." "दोन नव्हे, तीन कुत्री." वडिलांची गोष्ट वडिलांच्या हातून निसटू नये म्हणून तो तिचा प्रत्येक टवका परत चिकटवत होता. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

त्या यादीत मीही होते. तीन आठवडे मी त्यांच्यापुढे चित्रकार्डं धरत होते. हे काय, ते काय. पस्तीस वर्षं ज्या माणसानं प्रश्न विचारले त्याला मी पहिलीच्या बाकावर बसवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कार्डं माझ्या हातून घेतली, एकावर एक नीट रचली, कडा जुळवल्या, आणि परत देत म्हणाले, "बाई, राहू द्या आता." त्या वाक्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. कार्डं मी त्या घरात पुन्हा नेली नाहीत. या टप्प्यावर नावं विचारून नावं परत येत नाहीत. आपण विसरलोय एवढंच माणसाला रोज नव्यानं कळतं.

या आजाराची पहिली नोंदच मुळी एका संभाषणाची आहे, हे मला तेव्हा फार आठवलं. १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्ट डेटर या ५१ वर्षांच्या बाईंशी झालेले सवाल-जवाब लिहून ठेवले. नवऱ्याचं नाव विचारलं तर तिनं स्वतःचंच नाव सांगितलं. फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात असताना काय खातेस विचारलं तर पालक म्हणाली. १९०६ मध्ये ती गेल्यावर तिच्या मेंदूची तपासणी झाली, १९१० मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. त्या नोंदी वाचताना पूर्वी माझं लक्ष उत्तरांवर असायचं. आता प्रश्नांवर जातं. किती प्रश्न, एकामागून एक.

हुंकार

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. ऐकणारं पोर 'हूं' म्हणायचं थांबलं की आजी म्हणायची, झोपलास का रे? मी घरच्यांना नवं काही शिकवलं नाही, हा हुंकार परत आणायला सांगितला. प्रश्न विचारायचा नाही, पुढचा तुकडा हातात द्यायचा. "मग काय झालं आप्पा?" यात माणूस अडतो. "कुत्री केकाटत होती ना त्या रात्री," म्हणून गप्प बसायचं. थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं, हे मुलाला सगळ्यात जड गेलं. चुकीचं आलं तरी 'हूं'. पत्नी गोष्टीत आल्या तर त्यांना आंब्याखाली उभं राहू द्यायचं. तो मला म्हणाला, "पण बाई, हे खोटं नाही का?" मी म्हटलं, गोष्ट त्यांची आहे, आणि हजेरी घेताना शेजारी कोण असावं हे त्यांना वाटतंय ते खरंच आहे. त्याला ते लगेच पटलं नाही. दोन महिने तो गोष्टीच्या वेळी उठून गच्चीवर जायचा.

सूनबाईंनी कार्डांऐवजी वस्तू जमवल्या. माळ्यावरचा कंदील पुसून काढला. राजवाड्याजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून कोरा हजेरीपट आणला. कंदील हातात आला की 'तो उजेडाचा' ऐवजी कधी कधी 'कंदील' येई, कधी येत नसे, पण काच काढून ती पुसण्याची हालचाल बोटांना पक्की ठाऊक होती, आणि बोटं चालू लागली की तोंडही चालू लागे. एका संध्याकाळी नातू समोर बसलेला असताना गुरुजींनी हजेरीपट उघडला आणि नाव पुकारलं. नातवाला आपसूक काय सुचलं कोण जाणे, तो म्हणाला, "हजर!" गुरुजींनी पुढचं नाव पुकारलं. पुन्हा हजर. नऊ नावं ओळीनं आली. ही नावं आधीच्या मुद्रणांत आली नव्हती. पाठ झालेली माळ एका मण्यापासून सुरू झाली की पुढचे मणी ओढले जातात. पाढे, आरत्या, हरिपाठ उशिरापर्यंत टिकतात तसंच हे. आठवणीत शोधून काढावं लागणारं बोलणं आणि वाहत येणारं बोलणं यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

ऑगस्ट २०२४ च्या मुद्रणात गुरुजी दोन तुकड्यांवर थांबल्यावर मी सूनबाईंना खूण केली. त्यांनी एक तुकडा दिला, नातवानं एक, आणि वर्षभरात पहिल्यांदा मुलानं एक. मिळून पाच तुकडे झाले, सात मिनिटं लागली. याला सुधारणा म्हणू नये. आजार त्याच्या गतीनं पुढं जातोच आहे, औषधानं काही काळ थोडा आधार मिळतो, आजार थांबत नाही. फरक एवढाच की गोष्टीचं ओझं एका माणसाच्या डोक्यावरून चौघांत वाटलं गेलं. त्या सात मिनिटांत गुरुजी तीनदा हसले, आणि उरलेला दिवस सूनबाईंच्या वहीप्रमाणे शांत गेला. संध्याकाळी बोगद्याच्या दिशेनं निघून जाण्याचा हट्टही त्या दिवशी झाला नाही.

हे लिहिते आहे तो २०२५ चा जानेवारी. बोलणं दिवसाकाठी दहा-वीस शब्दांवर आलंय. गेल्या भेटीत पाणी पिताना ठसका लागला, त्यामुळे आता माझं काम गोष्टीपेक्षा घशाकडे जास्त आहे. बसवून भरवणं, छोटे घोट, जेवताना टीव्ही बंद, घट्टसर पेज. सूनबाई हे सगळं करून रात्री स्वतःच गोष्ट सांगतात, पहिल्यापासून, आणि गुरुजी ऐकतात. परवा त्या थकल्या होत्या, बोलताना जीभ घसरली आणि म्हणाल्या, "मास्तरांनी तीस पोरांची हजेरी घेतली." गुरुजींनी पांघरुणातून हात बाहेर काढला. म्हणाले, "एकतीस."

हे मला सांगताना सूनबाईंचा आवाज भरून आला होता. मग त्यांनी विचारलं, उद्या मुद्दाम चुकीचा आकडा सांगून बघू का?

मी नको म्हटलं.